जुनी दुनळी रायफल घेण्यापूर्वी: नळ्या, सांधा आणि रेग्युलेशन कसं तपासाल

जुन्या दुनळी रायफलीची खरी किंमत तिच्या नळ्यांत असते. नक्षी, अक्रोडाच्या लाकडाचे रंग, चामड्याची पेटी, घडवणाऱ्याचं मोठं नाव हे सगळं त्यानंतर. दस्ता नवा बसवता येतो, कमानी बदलता येतात, ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा संरक्षक थर) पुन्हा करता येतं. पण दोन नळ्यांमधली झाळ सुटली असेल किंवा कुणी तोंडाकडून नळ्या कापल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च रायफलीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. शिवाय ते काम नीट करणारे कारागीर जगात मोजकेच उरले आहेत. म्हणून आधी नळ्या, मग सांधा, मग चाप-घोडे, सर्वांत शेवटी लाकूड, या क्रमाने तपासा. विक्रेता बहुतेक वेळा उलट क्रमाने दाखवतो, कारण डोळा आधी लाकडावर आणि नक्षीवर जातो.

नळ्यांना एवढं महत्त्व का, हे समजून घेतलं की पुढची तपासणी सोपी होते. या दोन नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या एकमेकींच्या जवळ येत जातात. उजवी नळी सुटली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे वळते, डावी सुटली की वर आणि डावीकडे. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ही हालचाल सुरू झालेली असते आणि नळ्यांचा तिरपेपणा तिची भरपाई करतो. कारागीर तोंडाजवळची झाळ तापवून मऊ करतो, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवतो, झाळ थंड होऊ देतो आणि गोळ्या झाडून बघतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडेपर्यंत हे चालतं. यालाच रेग्युलेशन म्हणतात. ते ठरावीक वजनाची गोळी आणि ठरावीक वेग यांच्यासाठीच जमवलेलं असतं. तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः या कामाचे.

सोबत काय न्यावं

बारीक, प्रखर टॉर्च, दहापट दाखवणारं भिंग, त्याच बोअरची (नळीच्या आतल्या मापाची) दोन डमी काडतुसं, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), सिगारेटचा पातळ कागद, मोजपट्टी, वजनकाटा आणि एक मजबूत दोरी. स्क्रू-ड्रायव्हर मात्र नेऊ नका. जुन्या इंग्रजी रायफलींच्या स्क्रूंच्या खाचा इतक्या अरुंद असतात की साधं पातं त्यांना हमखास इजा करतं. काही उघडून बघायचं असेल तर ते गनस्मिथच्या हातून, विक्रेत्याच्या परवानगीने. रायफल हातात आली की पहिल्यांदा ती उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) रिकामी आहेत याची खात्री करा.

आधी शिक्के वाचा

नळ्या काढून उलट्या करा. चेंबरखालच्या सपाट भागावर रायफलीचा इतिहास कोरलेला असतो. बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचा (नळ्यांची दाब-चाचणी करून शिक्का देणाऱ्या संस्थेचा) नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या बारुदीचा, शिक्का म्हणजे मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरं. लंडनचा म्हणजे तलवार उगारलेला चिलखती हात आणि खाली ‘एनपी’. हे शिक्के १९०४च्या नियमांनी आले. बेल्जियमच्या लीएजचा शिक्का अंडाकृती असतो आणि त्यात ‘ईएलजी’ ही अक्षरं असतात.

पहिला प्रश्न असा की रायफल काळ्या बारुदीसाठी बनली आहे की नायट्रोसाठी? .५०० ब्लॅक पावडर एक्स्प्रेस (.५०० हे बोअरचं इंचातलं नाममात्र माप) आणि .५०० नायट्रो एक्स्प्रेस यांची काडतुसं दिसायला जवळजवळ सारखी असतात, दाबात मात्र मोठा फरक असतो. नायट्रोचा पुरावा नसलेल्या रायफलीत नायट्रो काडतूस भरणं जिवाशी खेळ आहे. विक्रेता कितीही ठामपणे सांगो, शिक्का नसेल तर ती काळ्या बारुदीची समजा आणि भावही त्याच हिशेबाने करा.

ब्रिटिश नळ्यांवर अनेकदा बारूद आणि गोळीचं वजनही लिहिलेलं असतं. ‘कॉर्डाइट ७०-४८० मॅक्स’ याचा अर्थ ७० ग्रेन (वजनाचं बारीक माप) कॉर्डाइट ही बिनधुराची बारूद आणि जास्तीत जास्त ४८० ग्रेनची गोळी. हा बंदुका बनवणाऱ्या रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये आणलेल्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसचा भार (बारूद आणि गोळीचं प्रमाण). .४७०वर ७५-५०० दिसेल. हे आकडे वहीत उतरवून घ्या, कारण गोळीबार-चाचणीचं काडतूस त्यांवरूनच ठरतं.

नळ्या, ॲक्शन (नळ्या ज्यात बसतात तो मधला पोलादी भाग) आणि फोरएंडचं (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडाचं) लोखंड या तिन्हींवरचा क्रमांक जुळतो का बघा. जुळत नसेल तर नळ्या दुसऱ्या रायफलीच्या असू शकतात. कोरलेल्या बोअरवरही डोळे झाकून विश्वास नको. ब्रिटिश सरकारने १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली, त्यातूनच .४६५ आणि .४७०सारखी बोअर पुढे आली. एवढ्या जवळजवळच्या मापांच्या काळात बनलेल्या रायफलीला पुढच्या शंभर वर्षांत कुणी नवं अस्तर घातलं, चेंबर लांबवलं, हे अगदी शक्य आहे.

वजनही बोलतं. .४७० साधारण साडेचार ते पाच किलोंच्या आसपास असते, .५७७ सहा किलोंच्या घरात, .६०० सात किलोंच्या वर. मोठ्या बोअरची रायफल हातात फारच हलकी लागली, तर ती मुळात शॉटगन होती का, ही शंका घ्यायलाच हवी.

नळ्या बाहेरून

इथे घाई करू नका. सगळ्या तपासणीत सर्वाधिक वेळ इथेच द्यावा, असं माझं मत आहे.

नळ्या ॲक्शनपासून वेगळ्या करा, एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून काडतूस ओढणारे भाग) काढता येत असतील तर काढून ठेवा. नळ्यांखालच्या आकड्यात (पोलादी हुकात) दोरी अडकवून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या सांध्याने हलकेच टिचकी मारा. झाळ शाबूत असेल तर घंटेसारखा स्वच्छ नाद येतो आणि काही क्षण रेंगाळतो. रायफलीच्या जाड नळ्यांत तो शॉटगनपेक्षा लवकर विरतो, पण फुटका येता कामा नये. भसभस, करकर किंवा बद्द आवाज आला की कुठली तरी पट्टी सुटली आहे असं धरा. टिचकी तीन-चार जागी मारून बघा, कारण फक्त तोंडाकडची झाळ सुटलेली असेल तर ते ब्रीचकडे (नळ्यांच्या मागच्या, चेंबरच्या टोकाकडे) मारलेल्या टिचकीत कळत नाही.

मग भिंगाने वरच्या आणि खालच्या पट्टीच्या दोन्ही कडा तोंडापासून ब्रीचपर्यंत बघत या. झाळेची रेघ अखंड, बारीक आणि राखाडी असायला हवी. कुठे गंजाचा लालसर पाझर दिसला तर पट्टीखाली ओल गेली आहे. शंका असेल तर त्या कडेवर पातळ तेल सोडा आणि नळी हाताच्या उबेइतकी तापू द्या. आतली हवा फुगून बुडबुडे आले तर फट आहे.

ब्ल्यूइंग नवं असेल तर ते कोणत्या पद्धतीने केलं, हे विचारा. जुन्या दुनळीला संथ गंज चढवून केलेलं ब्ल्यूइंगच चालतं. त्याची झाक मंद आणि मखमली असते. आधुनिक कॉस्टिक क्षारांचं स्नान साधारण १४० अंश सेल्सियसला उकळत असतं. ते मऊ झाळ खातं, क्षार पट्ट्यांखाली अडकून बसतात आणि वर्षानुवर्षं आतून गंजवत राहतात. काळीकुळकुळीत, आरशासारखी चकाकणारी नळी दिसली तर मी स्वतः ती रायफल सोडून देईन. नंतर सुधारता येण्यासारखं ते नुकसान नाही.

आता नळी उजेडाकडे तिरपी धरा आणि फोरएंडच्या पुढच्या भागावर कडेकडेने नजर टाका. पृष्ठभागावर पिळासारख्या अस्पष्ट रेषा दिसतात का? आधुनिक, संपूर्ण तांब्याच्या किंवा पितळी कठीण गोळ्या जुन्या पातळ नळ्यांतून झाडल्या तर आतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या कंगोऱ्यांचा) ठसा बाहेर उमटू शकतो. बोटाला तो जाणवेलच असं नाही, पण तिरप्या उजेडात दिसतो. अशा नळीचं पोलाद ताणलं गेलं आहे. याच नजरेत फुगवटेही सापडतात: नळीभोवती कडं असल्यासारखी सावली दिसली की तिथे कधीतरी अडथळा असताना गोळी झाडली गेली असणार.

तोंडाकडची पाचर, माशीचा (नेम धरायच्या पुढच्या खुंटाचा) पाया आणि नळ्यांच्या कडा नीट बघा. पाचरेभोवती ताजी, चमकदार झाळ असेल तर कुणीतरी रेग्युलेशनला हात घातला आहे. तो जाणत्याने घातला की अजाणत्याने, हे गोळीबारच सांगेल. नळ्या कापल्या असतील तर नक्षी किंवा पट्टीची अखेर अचानक संपते आणि माशी नव्याने बसवल्यासारखी दिसते. मूळ पेटी सोबत असेल तर नळ्या तिच्यातल्या कप्प्यात ठेवून बघा. कप्पा नळ्यांपेक्षा दोन इंच लांब असेल तर खुलासा मागा. पेट्या बदलल्याही जातात, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावू नका.

ब्रीचपासून काही इंचांवर नळीभोवती बारीक गोल रेघ दिसली तर नळ्या स्लीव्ह केल्या आहेत, म्हणजे जुन्या ब्रीचमध्ये नव्या नळ्या बसवल्या आहेत. तोंडाशी बोअरभोवती पातळ कडं दिसलं तर अस्तर घातलं आहे. चांगलं काम असेल आणि नंतर पुन्हा प्रूफ झालं असेल तर रायफल वापरण्याजोगी असते, पण मूळ रायफलीचा भाव तिला देऊ नये.

नळ्या आतून

बोअर आधी कोरड्या कापडाने पुसून घ्या. तेलाच्या थराखाली बरंच काही लपतं. जुन्या प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याच्या स्फोटातून उरणारा क्षार हवेतली ओल खेचतो, म्हणून ज्या रायफली झाडल्यावर गरम पाण्याने धुतल्या गेल्या नाहीत, त्यांच्या नळ्यांत खड्डे पडले. कॉर्डाइट अतिशय तापतं, त्यामुळे चेंबरपुढचा घसा झिजतो.

सगळे खड्डे सारखे नसतात. नळीच्या मधल्या भागात हलकी धूसरता असेल, आट्यांच्या कडा मात्र तीक्ष्ण असतील, तर ती रायफल उत्तम मारू शकते. तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव कमी करा. चेंबरमधले खड्डे मात्र वाईट: झाडलेलं काडतूस त्यांत फुगून अडकतं आणि एक्स्ट्रॅक्टरला ओढवत नाही. तोंडाच्या शेवटच्या इंचातली झीजही वाईट, कारण गोळी तिथूनच नळी सोडते. दोन्ही नळ्यांची तुलना करा. एक स्वच्छ आणि दुसरी घासलेली असेल तर रेग्युलेशनवर परिणाम झाला असण्याची शक्यता मोठी.

सौदा पुढे जाणार असेल तर दोन मापं गनस्मिथकडून घ्याच. पहिलं, शुद्ध मऊ शिशाची गोळी नळीतून सारून खाचांचा व्यास. .४७०ला तो .४७४-.४७५ इंचाच्या आसपास हवा, .५०० नायट्रोला .५१०च्या आसपास. दुसरं, चेंबरचा साचा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. आधी तो आकसतो आणि मग हळूहळू पसरतो; ओतल्यानंतर साधारण तासाभराने त्याचं माप चेंबरइतकं असतं, म्हणून तेव्हाच मोजायचं. नळीवर कोरलेलं बोअर खरं की खोटं, हे या दोन मापांनी निर्विवाद ठरतं.

सांधा

फोरएंड काढून ठेवा. फोरएंडची कमान नळ्यांना मागे दाबून धरते आणि ढिलाई झाकते, म्हणून फोरएंड लावून घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. नळ्या ॲक्शनवर लावा, बंद करा, मग एका हाताने नळ्या आणि दुसऱ्या हाताने दस्त्याची मूठ धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. टक्‌ असा बारीकही आवाज आला तर सांधा झिजला आहे.

मग सिगारेटच्या कागदाची चिंधी नळ्या आणि ब्रीचची उभी भिंत यांच्यामध्ये ठेवून रायफल बंद करा. कागद घट्ट पकडला गेला पाहिजे, किंबहुना रायफल बंद व्हायला खळखळ करायला हवी. कागद सहज सरकून आला तर फीलर गेजने फट मोजा. फट म्हणजे हिंज पिन आणि तिच्यावर टेकणारा नळ्यांचा आकडा यांच्यामधली झीज. योग्य दुरुस्ती म्हणजे नवी, किंचित जाड पिन, किंवा आकड्यावर वेल्डिंगने धातू चढवून तो पुन्हा हाताने बसवणं. आकड्यावर हातोडीचे ठोके किंवा पत्र्याची पातळ पट्टी दिसली तर ती विक्रीपुरती केलेली मलमपट्टी आहे, काही फैरींत उघडी पडेल.

टॉप लिव्हर (रायफल उघडायची वरची दांडी) बघा. रायफल बंद असताना ते मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असेल तर बोल्टमध्ये (नळ्या बंद धरून ठेवणाऱ्या खिळीत) अजून आयुष्य आहे. बरोबर मध्यावर असेल तरी चालतं. डावीकडे गेलं असेल तर बोल्ट झिजला आहे. पर्डी या बंदूक-घराण्याचा १८६३चा खालचा बोल्ट बहुतेक चांगल्या रायफलींत सापडतो. त्याच्या जोडीला वर डॉल्स हेड (नळ्यांच्या मागे आलेलं, ॲक्शनच्या खाचेत बसणारं टोक) किंवा ग्रीनरचा आडवा बोल्ट असेल तर तोही खरोखर टेकतो आहे का, हे काजळी लावून पाहा. दिव्याची काजळी धरून रायफल एकदा बंद करून उघडा. जिथून काजळी पुसली गेली, तिथेच धातू धातूला लागतो आहे.

आता सर्वांत गंभीर तपासणी. ॲक्शनचा आडवा पाया आणि ब्रीचची उभी भिंत जिथे काटकोनात मिळतात, तो कोपरा भिंगाखाली धरा. प्रत्येक फैरीचा ताण तिथेच येतो. केसाएवढी तडा असली तरी रायफल परत द्या, भाव करू नका. शंका असल्यास गनस्मिथ रंगद्रव्याच्या चाचणीने तडा दाखवू शकतो. ॲक्शनवरचे केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणारे) रंग अनैसर्गिक ताजे आणि भडक असतील तर ते ज्योतीने चढवले असण्याचा धोका असतो. ज्योतीने तापलेलं पोलाद मऊ पडतं.

फायरिंग पिनच्या भोकांभोवती खड्ड्यांचं कडं दिसलं तर प्रायमर फुटून गरम वायू मागे आलेला आहे. बदलता येणाऱ्या चकत्या असतील तर ते सहज दुरुस्त होतं.

चाप, घोडे, इजेक्टर

डमी काडतुसं भरा. सेफ्टी लावून दोन्ही चाप जोराने दाबा, सोडा, सेफ्टी काढा: घोडे पडता कामा नयेत. दोन्ही घोडे चढवलेले असताना दस्त्याच्या तळव्यावर तळहाताने दणके मारा. एकही सुटला नाही पाहिजे. मोठ्या बोअरमध्ये पहिल्या नळीच्या धक्क्याने दुसरी आपोआप सुटणं हा या रायफलींचा सर्वांत भयानक दोष आहे. .५७७चे दोन धक्के एकदम खांद्यावर आले तर माणूस जबर जखमी होऊ शकतो. चापाचा दाब मोजा: पुढचा साधारण दीड ते दोन किलो, मागचा त्याहून थोडा जड. पुढचा चाप बोटाला फार हलका लागत असेल तर कुणीतरी सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) घासला आहे.

इजेक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर उडवणारे भाग) असतील तर एक-एक करून दोन्ही नळ्या डमीवर पाडा आणि उघडा. फक्त झाडलेल्या नळीचं काडतूस उडालं पाहिजे, आणि दोन्ही झाडल्यावर दोन्ही एकाच क्षणी. वेळ चुकत असेल तर ती सुधारता येते, फार काळजी नको.

लाकूड

दस्त्यात बघायच्या जागा दोनच: टॅंगच्या (ॲक्शनच्या मागे आलेल्या पोलादी पट्टीच्या) मागे मुठीवर उठणारी तडा, आणि लॉकच्या पत्र्यांच्या मागे लाकडाची जी टोकं ॲक्शनला भिडतात ती. तिथे अंगठ्याने दाबा. लाकूड काळपट असेल आणि तेल पाझरत असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरून ते मऊ झालं आहे. धक्का सहन करण्याची ताकद त्यात उरत नाही. दस्त्याची लांबी तुम्हाला जमते का पाहा. कापलेल्या दस्त्याला रबरी पॅड जोडून लांबी भरून काढलेली असते, हे वाईट नाही, फक्त किमतीत धरा.

कागद

हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या घराण्यांच्या विक्रीच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत. क्रमांक देऊन नोंदीचा उतारा मागवा. मूळ बोअर, नळ्यांची लांबी आणि रेग्युलेशनचा भार त्यात मिळू शकतो, आणि वर टिपलेल्या सगळ्या निरीक्षणांशी तो ताडून बघता येतो. परवाना आणि आयात-निर्यातीचे नियम देशोदेशी वेगळे असतात. पैसे देण्याआधी आपल्या अधिकृत यंत्रणेकडून लेखी खात्री करून घ्या.

गोळीबार

गनस्मिथने रायफल सुरक्षित ठरवल्यावरच, आणि अधिकृत रेंजवरच. पहिली फैर एका नळीत जिवंत काडतूस आणि दुसरीत डमी ठेवून झाडा, मग रायफल उघडण्याआधी दुसरा घोडा चढलेलाच राहिला का, हे बघा. त्यासाठी डमीच्या नळीचा चाप दाबून घोडा डमीवर पाडा: खट्‌ आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तो पहिल्या धक्क्यानेच पडला होता. मग जिवंत काडतूस आणि डमी यांची अदलाबदल करून हेच पुन्हा करा.

निशाण्यासाठी सुमारे ५० यार्डांचं अंतर पुरे. नळ्या टेकवू नका, त्यांची नैसर्गिक उसळी अडते आणि निकाल फसवा येतो. मऊ आधारावर आपला हात ठेवा आणि हातावर फोरएंड. आधी उजवी, लगेच डावी, मग नळ्या गार होईपर्यंत थांबा. अशा तीन-चार जोड्या झाडा आणि प्रत्येक भोकाशेजारी उ किंवा डा लिहा. शक्य असेल तर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावा. .४७०चं ५०० ग्रेनच्या गोळीचं प्रमाण काडतूस साधारण २१५० फूट प्रतिसेकंद वेगाचं असतं.

दोन्ही नळ्यांच्या गोळ्या हाताच्या तळव्याएवढ्या जागेत मिसळल्या तर रेग्युलेशन जिवंत आहे. प्रत्येक नळीचा गट घट्ट, पण दोन गट आडवे दूर-दूर असतील तर दोष बहुधा काडतुसाचा. वेग कमी असेल तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, नळ्या जास्त उसळतात आणि उजवीच्या गोळ्या उजवीकडे, डावीच्या डावीकडे फाकतात. वेग जास्त असेल तर उलट, त्या एकमेकींना छेदून पलीकडे जातात. हे योग्य भार शोधून दुरुस्त होतं. पण गटांमधला फरक वर-खाली असेल तर तो भार बदलून सहसा जात नाही. पाचर, पट्टी किंवा नळी यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. आणि एकाच नळीच्या गोळ्या विखुरत असतील तर पुन्हा तिच्या तोंडाशी आणि घशाशी टॉर्च घेऊन जा.

विक्रेता गोळीबाराला किंवा तपासणीला तयार नसेल तर अनामत रक्कम ठेवून काही दिवसांचा तपासणी-कालावधी मागा, आणि ‘झाळ सुटलेली, ॲक्शनला तडा, चेंबर बदललेलं किंवा दुसरी नळी आपोआप सुटणं, यांपैकी काही निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ असं लेखी घ्या. एवढं लिहून द्यायलाही तो तयार नसेल, तर रायफल त्याच्याकडेच राहू द्या.